भूत येईपर्यंतचा वेळ

तिसऱ्या शुक्रवारी, चित्रपट सुरू होऊन चाळीसेक मिनिटे उलटल्यावर, माझ्या मागच्या रांगेतील एका वयस्क गृहस्थांनी शेजारी बसलेल्या पत्नीला, दबक्या पण चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "अगं, पण यात भूत येणार कधी?" बाई म्हणाल्या, "अहो, गप्प बसा ना." आजूबाजूचे लोक हसले आणि पडद्यावरच्या घरात कपड्यांचे यंत्र रिकामेच घरघरत राहिले. मला स्वतःला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला नाही. तिकीट काढताना त्या गृहस्थांना जे कबूल केले होते, त्याचाच हिशेब ते मागत होते, आणि या चित्रपटमालिकेचे परीक्षण करायचे तर तो हिशेब आधी मांडायला हवा.

मालिका जुलै महिन्यातील चार शुक्रवारांची होती. दादर पश्चिमेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर सत्तरेक खुर्च्यांचे सभागृह आहे. तेथे एक लहानसे चित्रपट मंडळ रात्री साडेआठला खेळ लावते. पुढे तक्रारी करणार असल्यामुळे मंडळाचे नाव लिहीत नाही. चारही खेळांचे मिळून ८०० रुपये, सुटे तिकीट २५० रुपये. चित्रपट असे होते: 'कौन' (१९९९), 'द इनोसंट्स' (१९६१), 'क्युअर' (१९९७) आणि 'भूतकालम' (२०२२). हिंदी, इंग्रजी, जपानी आणि मल्याळम अशा चार भाषांतील हे चित्रपट एकत्र आणणाऱ्या माणसाला भयपट कळतो, हे यादी पाहूनच पटले. तिघांत घडणारे, एका घरात कोंडलेले नाट्य, मग मोठ्या वाड्यातील दोन मुले आणि त्यांची शिक्षिका, मग आख्खे शहर आणि शेवटी पुन्हा एक घर व त्यातील आई-मुलगा, असा क्रम मुद्दाम लावलेला होता. तो लावण्यामागचा विचार कोणी बोलून दाखवला असता तर बरे झाले असते. प्रास्ताविकात मात्र प्रत्येक वेळी दिग्दर्शकाला मिळालेल्या पुरस्कारांची यादी तेवढी ऐकायला मिळाली.

चांगल्या गोष्टी आधी सांगतो. मध्यंतर नाही. सर्वसाधारण चित्रपटगृहात जाणाऱ्या मुंबईकराला या एका निर्णयाचे मोल चटकन कळणार नाही, कारण मध्यंतर हा आपल्याकडे चित्रपटाचाच भाग मानला जातो आणि आपले बहुतेक दिग्दर्शक त्या ठिकाणी एखादी कलाटणी योजूनच पटकथा लिहितात. ज्या चित्रपटात मध्यंतर योजलेलेच नाही, त्यात ते कोठेतरी घुसवावे लागते. २०१८ साली उपनगरातील एका मल्टिप्लेक्समध्ये 'हेरेडिटरी' हा अमेरिकी भयपट पाहताना, घरावर मृत्यूची छाया पसरलेली असून कोणीच कोणाशी धड बोलत नाही अशा एका क्षणी दिवे लागले आणि पडद्यावर पॉपकॉर्नच्या मोठ्या डब्याची जाहिरात झळकली. पुढच्या दहा मिनिटांत दिग्दर्शकाने तासभर खपून बांधलेली हवा पार उतरली. दिवे विझल्यावर प्रेक्षक परत आले ते थट्टेच्या मनःस्थितीत, आणि उरलेल्या चित्रपटावर ते मोकळेपणाने हसले. त्या हसण्याचा दोष मी त्या वेळी प्रेक्षकांना दिला होता. आता देणार नाही. हलक्या आचेवर ठेवलेले भांडे मध्येच उतरवून पुन्हा चढवले तर शिजण्याची वेळ सगळीच बिघडते. दादरच्या या मंडळाला ते उमगले आहे.

दुसरी चांगली गोष्ट फोनची. आत शिरतानाच प्रत्येकाला एक कापडी पिशवी मिळते; फोन तिच्यात घालून नाडी आवळायची आणि पिशवी स्वतःपाशीच ठेवायची. पहिल्या शुक्रवारी या व्यवस्थेवर बरीच कुरकुर झाली. आमच्या रांगेतील एका तरुणाने "इमर्जन्सी आली तर काय करायचे?" असे दोनदा विचारले. चौथ्या शुक्रवारी तोच पिशव्या वाटायला मदत करत होता.

'कौन'च्या रात्री बाहेर धो धो पाऊस होता आणि पडद्यावरही पाऊसच होता. रामगोपाल वर्मा यांचा, अनुराग कश्यप यांनी लिहिलेला हा चित्रपट. त्यात गाणे एकही नाही आणि पात्रे जवळजवळ तीनच. घरात एकटी असलेली तरुणी, दूरचित्रवाणीवर खुन्याची बातमी आणि दाराची घंटा पुन्हा पुन्हा वाजवणारा एक अनोळखी माणूस, एवढ्या भांडवलावर उर्मिला मातोंडकर, मनोज बाजपेयी आणि सुशांत सिंग दीड तास ओढून नेतात. मनोज बाजपेयींचे पात्र दाराबाहेरून अजिजीने बोलत राहते, तेव्हा सभागृहात हशा पिकला. या हशाविषयी माझे मत चार आठवड्यांत बदलले. सुरुवातीला मला तो विरस वाटला; नंतर लक्षात आले की, हसणारे लोक सर्वांत जास्त सावरून बसलेले होते आणि घंटा वाजली की तेच आधी गप्प होत होते. ताण सुटायला वाट हवी असते. ओरडायला काही मिळाले नाही की माणूस हसतो. फ्लॅटचे दार साखळी लावून बोटभर उघडणे आणि पलीकडच्या माणसाचा चेहरा वाचू पाहणे हा मुंबईतल्या प्रत्येक घराचा रोजचा अनुभव असल्यामुळे, हा चित्रपट समजावून सांगण्याची गरज कोणालाच पडली नाही.

दुसऱ्या शुक्रवारची गंमत वेगळी. जॅक क्लेटन दिग्दर्शित 'द इनोसंट्स'ची सुरुवात काळ्याकुट्ट पडद्यावर होते; कंपनीचे बोधचिन्ह दिसण्याच्याही आधी, अंधारात एका लहान मुलीचे गाणे ऐकू येत राहते. आमच्याकडे अर्ध्या मिनिटात "अरे, पिक्चर लावा!", "लॅम्प गेला वाटतं!" अशा हाका सुरू झाल्या आणि ते बिचारे गाणे त्या गलक्यात वाहून गेले. प्रास्ताविकात पुरस्कार मोजण्याऐवजी एवढे एक वाक्य सांगितले असते, की पहिला अंधार चित्रपटाचाच आहे, तर साठ-सत्तर माणसांना ती सुरुवात मिळाली असती. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांना निर्मात्यांच्या आग्रहाखातर रुंद सिनेमास्कोप चौकट वापरावी लागली होती. तेव्हा त्यांनी फिल्टरच्या कडा रंगवून चौकटीच्या दोन्ही बाजू काळवंडून टाकल्या, जेणेकरून नजर मध्यावर राहावी आणि कडेला काहीतरी असल्याची शंका मात्र जाऊ नये. ही कारागिरी दिसण्यासाठी पडद्यावरचा काळा रंग खरोखर काळा असावा लागतो. येथे दाराशेजारच्या हिरव्या दिव्याचा उजेड थेट पडद्याच्या डाव्या कडेवर सांडतो. सुरक्षेसाठी दिवा हवाच, त्याबद्दल वाद नाही. त्याला वरून एक पत्र्याची झडप लावली तर उजेड दारावरच पडेल. शिवाय प्रोजेक्टरचा दिवाही थकलेला वाटतो. डिजिटल प्रक्षेपणात रिकाम्या पांढऱ्या पडद्याची उजळता १४ फूट-लँबर्ट (पडद्याची उजळता मोजण्याचे एकक) असावी असा व्यवसायातला दंडक आहे. तो मोजायचे साधन माझ्यापाशी नव्हते, पण संध्याकाळच्या प्रसंगांत चेहरे राखाडी आणि सपाट दिसले, एवढे डोळ्यांना कळत होते.

तरीही त्या रात्री एक क्षण साधला. तळ्याच्या पलीकडे, दिवसाउजेडी, बोरूच्या झुडपांत काळ्या कपड्यांतील एक बाई उभी आहे. ती काहीच करत नाही. कॅमेरा तिच्याजवळ जात नाही, संगीत ठणाणा करत नाही. सभागृहात कोणी दचकले नाही, किंचाळले नाही, पण खुर्च्यांची करकर पूर्णपणे थांबली. पूर्ण थांबलेली करकर हीच या प्रकारच्या चित्रपटाला मिळणारी टाळी होय.

मराठीत यासाठी शब्दांची चंगळ आहे आणि परीक्षणे लिहिताना आपण ती वाया घालवतो. दचकणे वेगळे, भेदरणे वेगळे, धास्ती वेगळी आणि धसका वेगळा. दचका क्षणाचा असतो. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये, अंधाऱ्या रस्त्यावरून भीत चाललेल्या बाईसमोर अचानक एक बस हिस्सकन येऊन थांबते. निर्माते व्हॅल ल्युटन यांच्या नावावरून त्या युक्तीला व्यवसायात 'ल्युटनची बस' म्हणू लागले आणि पुढील पिढ्यांनी त्या एका बसची आख्खी आगारे उभी केली. धसका मात्र घरी घेऊन जायचा असतो. तो घेणाऱ्याला चित्रपटगृहात कंटाळाही येऊ शकतो, आणि रात्री स्वयंपाकघरातील दिवा बंद करायला गेल्यावर हात बटणावर थबकतो, तेव्हा त्याला पावती मिळते. म्हणून बाहेर पडतानाच "कसा वाटला?" असे विचारणे या चित्रपटांवर थोडा अन्याय करणारे आहे.

अमेरिकेत सिनेमास्कोर नावाची संस्था नेमके हेच करते. पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांकडून चित्रपटगृहाच्या दारातच श्रेणी भरून घेते. समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या 'हेरेडिटरी'ला तेथे 'डी प्लस' मिळाली आणि 'द विच'ला 'सी मायनस'. प्रेक्षकांना चित्रपट कळला नाही, असा या श्रेणींचा अर्थ लावण्याची घाई अनेक जण करतात. मला त्यात जाहिरातीचे माप दिसते. झलकेत किंकाळ्या दाखवून बोलावलेल्या माणसासमोर दोन तास शोक मांडला, तर तो फसवणुकीचीच श्रेणी देणार. आपल्याकडचे उदाहरण 'तुंबाड'चे आहे. नारायण धारपांच्या कथेतून स्फुरलेला हा चित्रपट २०१८ साली आला तेव्हा त्याचे कौतुक झाले, पण गल्ला बेताचाच जमला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोच पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. चित्रपट तोच होता. या वेळी येणाऱ्याला आपण काय पाहायला चाललो आहोत हे ठाऊक होते.

मंडळाविषयीची माझी मुख्य तक्रार येथे येते. दादर स्थानकाबाहेरच्या फलकावर आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या पत्रकावर ठळक अक्षरांत लिहिले होते, "अंगावर काटा आणणाऱ्या चार रात्री", आणि खाली कवटीचे चित्र. या चार चित्रपटांत कवटीचा काय संबंध, हे काढणाऱ्यालाच ठाऊक. भुताचा प्रश्न विचारणारे गृहस्थ याच पत्रकावरून आले होते. नंतर चहाच्या टपरीवर त्यांनीच सांगितले. किंकाळी ऐकायला आलेल्या माणसाला शांतता विकायची असेल तर तसे आधी सांगावे. त्याने चार तिकिटे कमी खपतील कदाचित, पण मागच्या रांगा नीट बसतील.

त्यांचा प्रश्न तसा आपल्या परंपरेला धरूनच होता. मराठी भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, हडळ ओढ्याकाठी, वेताळ शिवेवर. कोण कशाने मेले, काय मागते, कशाने शांत होते, हे सगळे गावाला पाठ असते, आणि म्हणून त्या भीतीला तोड असते. दही-भाताचा उतारा, दोरा, अंगारा. कियोशी कुरोसावा यांचा 'क्युअर' असा कोणताच पत्ता देत नाही. टोकियोत एकमेकांना न ओळखणारी साधी माणसे एकाच पद्धतीने खून करतात आणि कोणालाच आपण हे का केले ते सांगता येत नाही; या सर्वांना भेटलेला एक विसरभोळा तरुण जो भेटेल त्याला "तू कोण?" एवढेच विचारत राहतो. कोजी याकुशो यांनी साकारलेला तपास अधिकारी त्याला शोधताना स्वतःच आतून सैल होत जातो. चौकीसमोर एक पोलीस आपल्या सहकाऱ्याला गोळी घालतो तो प्रसंग लख्ख उजेडात, लांबून, एकाच अखंड दृश्यात घडतो. कॅमेरा जराही हलत नाही, जणू कोणी समोरच्या गॅलरीतून सहज पाहत असावे. त्या वेळी माझ्या शेजारच्या मुलीने हळूच "म्हणजे?" असे म्हटले. इतका अचूक प्रतिसाद मी कोणत्याही परीक्षणात वाचलेला नाही.

'क्युअर'च्या शेवटाचे मात्र मंडळाने अक्षरशः मातेरे केले. अखेरच्या उपाहारगृहाच्या प्रसंगात, मागे दूरवर, एक व्यक्ती अगदी क्षणभर काहीतरी करते आणि सबंध चित्रपटाचा अर्थ त्या क्षणात आहे. तो येण्याआधीच, आता संपलेच असे समजून, कोणीतरी कडेचे दिवे लावले. पहिल्या तीन रांगा उभ्या राहिल्या. मी पूर्वी तो चित्रपट पाहिलेला असल्यामुळे मला चुकलेले कळले. उरलेल्यांना आपण काय गमावले याची कल्पनाही नाही. श्रेयनामावली संपेपर्यंत दिव्यांच्या बटणाजवळ कोणी जायचे नाही, हा नियम लिहून भिंतीवर चिकटवावा.

आवाजाची व्यवस्था बरी आहे, उत्तम नाही. चित्रपटगृहांत आवाजाच्या नियंत्रकावर ७ हा आकडा प्रमाण मानतात, आणि कर्कश जाहिरातींबद्दल तक्रारी आल्या की व्यवस्थापक तो खाली ओढतात. मग कुजबुज, श्वास, पाण्याचा थेंब, ज्यांवर हे चित्रपट उभे असतात, ते सगळे वातानुकूलन यंत्राच्या घुमण्यात बुडते. येथे आकडा खाली ओढलेला नव्हता, पण मागच्या भिंतीवरचे यंत्र इतके जुने आहे की शेवटच्या दोन रांगांना शांतता मिळतच नाही. त्याच्या भरपाईला निसर्गाने म्हणा, रेल्वेने म्हणा, एक देणगी दिली आहे. दर काही मिनिटांनी जलद लोकल गेली की जमिनीतून एक खोल गुरगुर पायांत चढते. इंग्लंडमधील अभियंते विक टँडी यांना आपल्या प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटे, डोळ्याच्या कोपऱ्यात राखाडी आकृती दिसल्याचा भास होई. अखेर त्यांनी शोध घेतला तेव्हा एका पंख्यामुळे तेथे सुमारे १९ हर्ट्झचा, कानांना ऐकू न येणारा कंप साचत असल्याचे आढळले, आणि १९९८ मध्ये त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे अनुमान पुढे सर्वांनीच मान्य केले असे नाही. पण 'द इनोसंट्स'मधील जिन्यावर, मेणबत्ती घेतलेली शिक्षिका थांबली असताना विरार जलद शेजारून गेली, तेव्हा पुढच्या रांगेतील दोघींनी एकमेकींचे हात धरलेले मी पाहिले.

चौथ्या शुक्रवारी 'भूतकालम'. मल्याळम नावातील श्लेष मराठी माणसाला फुकटात मिळतो: काळ तो आणि भूतही तेच. राहुल सदाशिवन यांचा हा चित्रपट थेट ओटीटीवर आला होता, त्यामुळे तो मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांत बसून पाहण्याची ही संधी खरोखर मोलाची होती. आजी वारल्यानंतर घरात आई आणि नोकरी नसलेला तरुण मुलगा उरतात. आईला नैराश्याचा आजार आहे, मुलगा व्यसनाकडे झुकलेला. मुलाला आवाज ऐकू येतात, आणि ते घराचे आहेत की डोक्यातले, याचा निकाल चित्रपट फार उशिरापर्यंत लावत नाही. रेवती यांना या भूमिकेसाठी केरळ राज्य पुरस्कार मिळाला. मला त्यातील सर्वांत भीतिदायक गोष्ट वाटली ती आई-मुलाचे जेवण: समोरासमोर बसून, एकमेकांवर विश्वास नसताना, न बोलता. घरी मोबाइलवर पाहताना हाच प्रसंग मी बोटाने पुढे सरकवला होता, हे येथे कबूल करतो. सभागृहात तसे करता आले नाही आणि त्या दोन मिनिटांतच मला चित्रपट कळला.

उपशीर्षके इंग्रजी, बारीक आणि पांढरी. पांढऱ्या भिंतींवर ती दिसेनाशी होत. तीनेक ज्येष्ठ स्त्रिया एकमेकींना वाचून दाखवत होत्या आणि त्यांच्यावर शुक् शुक् होत होती. मराठी उपशीर्षके तयार करणे खर्चाचे असेल. निदान अक्षरांना काळी कड आणि आकार मोठा, एवढे तरी फुकटात होते. खेळानंतरची चर्चा वीस मिनिटांची ठेवलेली असते, पण माईक तीच चार माणसे फिरवतात आणि 'प्रतीक' या शब्दाखेरीज त्यांचे पान हलत नाही. शेवटच्या रात्री मात्र त्या तिघींपैकी एकीने माईक न घेताच विचारले, "त्या पोराचं ऐकून घेतलं असतं, तर घरात काही निघालं असतं का?" चर्चा तेथेच खऱ्या अर्थाने सुरू झाली आणि सभागृहाची वेळ संपल्यामुळे तेथेच थांबवली गेली. पुढे ती पुलावर, फलाट क्रमांक विचारत विचारत, माटुंग्याच्या लोकांनी आणि डोंबिवलीच्या लोकांनी वेगवेगळी चालू ठेवली.

पुढची मालिका गणेशोत्सवानंतर आहे असे सांगण्यात आले. मी पैसे भरले आहेत. जागा मात्र या वेळी पाचव्या रांगेत, त्या यंत्रापासून लांब आणि हिरव्या दिव्याकडे पाठ होईल अशी मागितली आहे. पत्रकावरची कवटी काढून टाका असेही लिहून दिले आहे. भुताचा प्रश्न विचारणारे गृहस्थ माझ्यापुढेच रांगेत होते. त्यांनी दोन तिकिटे घेतली.